'दारा' बोट, दुबई आणि संकटातले मन

ब्रिटिश इंडिया कंपनीची 'दारा' ही बोट मुंबई, कराची, आखातातली बंदरे आणि बसरा अशा फेऱ्या करी. दुबईची खाडी उथळ, म्हणून बोट बाहेर समुद्रातच नांगर टाकी. माणसे आणि माल लहान होड्यांतून ये-जा करत. ७ एप्रिल १९६१ रोजी मालाची चढ-उतार चालू असताना वादळ उठले. दुसरे एक जहाज येऊन आदळले, तेव्हा कप्तान चार्ल्स एल्सन यांनी 'दारा' खुल्या समुद्रात नेली. आप्तांना निरोप द्यायला आलेले लोक, फेरीवाले, हमाल यांना उतरायला वेळच मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचच्या सुमारास बोटीच्या पोटात स्फोट झाला. वीज गेली, आग विझवणारे पंप बंद पडले. ८१९ जणांपैकी २३८ जण गेले. पुढे ब्रिटिश चौकशीत हा स्फोट बहुधा सुरुंगाचा, मुद्दाम घडवलेला असल्याचा निष्कर्ष निघाला.

काठोकाठ भरलेली एक जीवरक्षक होडी उलटली आणि त्यातले लोक बुडाले. लोकांची गाळण उडाली, एवढे म्हणून या गोष्टीचा उलगडा होत नाही. डेकवरच्या प्रवाशांना आणि मुख्य म्हणजे केवळ निरोप द्यायला आलेल्यांना आपली होडी कोणती, लाइफ जॅकेट कुठे, हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. अंधार, धूर आणि अनेक भाषांचा गलका अशा वेळी जी होडी दिसली तिच्याकडे धावणे यात वेडेपणा नव्हता. त्यांना तेवढेच माहीत होते.

संकटात माणसे बेभान होतात, या समजाकडे याच सुमारास अभ्यासकही वळले होते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारंटेली यांनी १९५४ साली घबराटीवर लेख लिहिला आणि नंतरच्या संशोधनातूनही बेभान पळापळ क्वचितच होते असे दाखवले. बहुतेक माणसे आधी शेजाऱ्याकडे पाहून धोका खरा आहे का याचा अंदाज घेतात, मग आपली माणसे शोधतात आणि ओळखीच्या वाटेनेच बाहेर पडू पाहतात. प्राणघातक ठरतो तो या चाचपणीत गेलेला वेळ.

संयुक्त अरब अमिरातींसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. १९७१ साली स्थापन झालेल्या या देशातले बहुसंख्य रहिवासी परदेशांतून आलेले, भाडेकरू, काही वर्षांपुरते राहणारे आहेत. गावातल्या वडीलधाऱ्यांकडून पूर कसा येतो, कुठे चढून बसायचे, हे कोकणातले पोर सहज शिकते. दुबईच्या विसाव्या मजल्यावर ते सांगणारे कोणी नसते. तिथे आठवणीची जागा सरावाने आणि स्पष्ट सूचनांनी भरून काढावी लागते. अशा कामासाठी २००७ साली आपत्ती व्यवस्थापनाचे राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन झाले.

सरावालाही मर्यादा असते, हे ३ ऑगस्ट २०१६ ला दिसले. तिरुवनंतपुरमहून आलेले एमिरेट्सचे विमान दुबईच्या धावपट्टीवर कोसळले. आत ३०० माणसे होती. धूर भरत असताना काही प्रवासी डोक्यावरच्या कप्प्यातून बॅगा काढत होते. नऊएक मिनिटांनी इंधनटाकीचा स्फोट झाला. विमानातले सगळे वाचले, मात्र अग्निशमन दलाचा एक जवान गेला. बॅगेसाठी थांबणारा प्रवासी लोभी असतोच असे नाही. पासपोर्ट, कागदपत्रे, वर्षाची कमाई त्या बॅगेत असू शकते; शिवाय उतरताना बॅग घेणे ही हाताची सवय असते. म्हणून हवाई सेविका आर्जव न करता ओरडून, दोन-तीन शब्दांत हुकूम देते.

२०२० च्या कोविड साथीत मनाची काळजी हा सरकारी कामाचा उघड भाग झाला. १६ मार्च रोजी अबुधाबीचे तत्कालीन युवराज मोहम्मद बिन झायेद यांनी स्थानिक बोलीतल्या साध्या शब्दांत 'काळजी करू नका' असे सांगितले आणि ते शब्द देशभर पसरले. मानसिक आधारासाठी फोनसेवाही सुरू झाली. धीर देणारा शब्द उपयोगी पडतो तो बोलणाऱ्यावर विश्वास असेल तरच, आणि दुकानात धान्य खरोखर मिळत असेल तरच.

१६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐन परिसरातील खत्म अल शक्ला इथे २५४ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस नव्हता. वादळाचा अंदाज आधीच आलेला होता, शाळांना ऑनलाइन वर्ग भरवायला सांगितले होते. तरीही ढगांवर रसायन फवारल्यामुळे हा पाऊस झाला, ही वार्ता जगभर फिरली. वादळात अशी फवारणी झालीच नाही, असे हवामान केंद्राने स्पष्ट केले. अशा वार्ता का तग धरतात, याचा अभ्यास भारतातही झाला आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतरच्या अफवा जमुना प्रसाद यांनी १९३५ साली अभ्यासल्या. पुढे आणखी भयंकर काहीतरी होणार, अशा त्या अफवा होत्या. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी त्यांचा असा अर्थ लावला की मनात भीती आधीच असते आणि तिला शोभेल असे कारण माणूस शोधतो. या पावसात भिजलेल्या माणसालाही असेच कारण हवे होते. हवामानाच्या नकाशापेक्षा 'कोणीतरी हे केले' ही गोष्ट त्याला लवकर पटत होती.