काचेच्या नळीपासून टक्क्यांपर्यंत

मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून अकोला-अमरावतीत बॅटरी चार्ज करणं हा पोटापाण्याचा धंदा होता. ट्रक-ट्रॅक्टरच्या जडशीळ बॅटऱ्या दुकानात चार्जिंगला लागत. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये शोधलेली हीच ती शिसे-आम्लाची बॅटरी. मेकॅनिक तिचं बूच काढून हायड्रोमीटरनं आम्ल काचेच्या नळीत ओढून घेई. आतला तरंगता काटा 1.26 च्या आसपास थांबला, की बॅटरी भरली. चार्ज वाढला की आम्लाची घनता वाढते, म्हणून हे माप भरवशाचं.

पुढे भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले आणि या दुकानांचं काम वाढलं.

मोबाइलमधली लिथियम-आयन बॅटरी सोनीनं 1991 मध्ये बाजारात आणली. ती सीलबंद असते, शिवाय तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात फारसा हलत नाही. त्यामुळे फोनमधली चिप आत-बाहेर जाणारा विद्युतप्रवाह मोजून टक्क्यांचा अंदाज बांधते. बॅटरी जुनी होऊन तिची क्षमता घटली, की हा हिशेब चुकतो आणि 20 टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडतो.

‘पूर्ण उतरल्यावरच चार्ज करा’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमला तो मारक ठरतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा उन्हात पूर्ण भरलेला फोन गाडीत ठेवला, तर बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं घटतं.