कव्हराखालची फियाट विकताना

मुंबई-पुण्यातील जुन्या सोसायट्यांच्या आवारात कव्हराखाली उभी असलेली एखादी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी अजूनही आढळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा हळहळणाऱ्या किती जणांच्या घरी अशी गाडी धूळ खात होती, कोण जाणे! सोसायटी पुनर्विकासाला निघाली की मात्र निर्णय घ्यावाच लागतो. भंगारवाला वजनाचा भाव सांगतो, तर हौशी ग्राहक 'चालू करून दाखवा' म्हणतो.

या घाईतच चांगली इंजिने कामातून जातात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीला नवी बॅटरी लावून थेट स्टार्टर मारल्यास कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टन घासले जातात. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन साधे आहे. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. टाकीतील जुने पेट्रोल पूर्ण उपसावे, कारण त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरचे जेट बुजवतो. इंधनाच्या रबरी नळ्याही बदलाव्यात. हल्लीचे २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. उंदरांनी वायरिंग कुरतडले आहे का, हेही पाहावे.

ब्रेकबाबत तडजोड नको. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि चाकांजवळचे सिलिंडर गंजून अडकतात. हे काम झाल्याखेरीज ग्राहकाला फेरी मारू देणे धोक्याचे. टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी रबर कडक झालेले असते.

रंगकाम मात्र करू नये. ताज्या रंगाखाली गंज आणि पुट्टी दडलेली असेल, या शंकेने जाणकार ग्राहक भाव पाडतो. मूळ रंग, मूळ दिवे, स्टिअरिंगखालचा गिअर यांनाच तो पैसे मोजतो. पुढची दारे उलटी उघडणाऱ्या 'डुक्कर फियाट'च्या बाबतीत तर हे अधिकच खरे.

खरी कसोटी कागदपत्रांची. आरसी बुक दिवंगत वडिलांच्या नावावर असेल, तर आधी अर्ज क्रमांक ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते; विक्रीचे २९ आणि ३० क्रमांकांचे अर्ज त्यानंतर. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण व महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. ही थकबाकी कोण भरणार, हे सौद्याआधीच ठरवावे. इंजिन व चासी क्रमांक नोंदीशी जुळवून पाहावेत.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खासगी गाडीला 'विंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. अशी गाडी विकल्यास दोघांनी नव्वद दिवसांत परिवहन विभागाला कळवायचे असते. मात्र ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९८० च्या दशकातील पद्मिनी या व्याख्येत अजून बसत नाही.

गाडी सोपवताना तारीख आणि वेळ लिहून ग्राहकाची सही घ्यावी. नाव बदलण्यापूर्वी अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीतील मालकावरच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.