वार, खाणावळ, बोर्डिंग : विद्यार्थ्याच्या अन्नाचा शब्देतिहास

वाशीम जिल्ह्यातील आसेगावाहून महाविद्यालयीन शिक्षणासाठी वाशीम, अकोला वा अमरावती गाठणाऱ्या विद्यार्थ्यापुढे खोली मिळताच दुसरा प्रश्न उभा राहतो : मेस लावावयाची, की घरून डबा मागवावयाचा? यातील ‘लावणे’ हे क्रियापद जुने आहे. विद्यार्थ्याचे अन्न कोणाच्या हाती होते, याचा माग त्यावरून काढता येतो.

पुण्यासारख्या विद्याकेंद्रात गरीब विद्यार्थी पूर्वी ‘वार लावून’ जेवत असे. आठवड्याचे वार सात, घरेही सात. एखादा वार रिकामा राहिल्यास उपवास, किंवा मधुकराप्रमाणे दारोदार थोडेथोडे शिजलेले अन्न मागून आणावयाचे, म्हणजे माधुकरी. या प्रथेवर अनेक निर्धन मुले विद्वान झाली, हे खरे. पण ती मुख्यतः ब्राह्मण मुलांचीच सोय होती. देणाऱ्यास पुण्य लाभे, घेणाऱ्यास हक्क नसे. कुणब्याच्या वा महाराच्या मुलाने अशा घरी वार लावावा, ही कल्पनाही त्या व्यवस्थेत संभवत नव्हती.

खाणावळीने पुण्याच्या जागी पैसा आणला. दळणावळ, शिवणावळ, धुणावळ या शब्दांत मोबदला सुचविणारा जो अंत्यभाग आहे, तोच येथेही दिसतो. क्रियापद मात्र ‘लावणे’ हेच राहिले.

‘बोर्डिंग लावणे’ असे मात्र मराठीत कोणी म्हणत नाही, बोर्डिंगात राहतात. हा भेद क्षुल्लक नव्हे. कोल्हापुरात 1901 पासून शाहू छत्रपतींच्या आश्रयाने निघालेली वसतिगृहे बहुतांशी जातवार होती. 1924 मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यास काढलेल्या बोर्डिंगात मात्र सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस बसत. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्यास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी आपले दागिने मोडले. पुढे घरोघरच्या मूठमूठ धान्याचाही या संस्थेस आधार झाला.  ते धान्य एका मुलास नव्हे, समाईक कोठारास जाई. वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी त्याच दशकात अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून हीच वाट धरली.

आज वसतिगृहांत जागा अपुऱ्या आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आली. जिल्ह्याच्या ठिकाणी भोजनभत्ता म्हणून तीत वर्षास 25,000 रुपये ठरविण्यात आले, म्हणजे रोजी सुमारे 68 रुपये. एवढ्यात दोन्ही वेळा भागवावयाच्या. शिवाय भत्ता हप्त्याने येतो, तर मेसचे पैसे महिन्याचे महिन्यास द्यावे लागतात. बोर्डिंगाच्या जागी पैसा आला, आणि त्याबरोबर ‘लावणे’ही परतले. ज्याचे गाव जवळ आहे, तो सकाळच्या एस.टी.ने येणाऱ्या घरच्या डब्यावर राहतो, एस.टी. चुकली, की त्याचा तो वार रिकामा जातो.