लोणारी कोळसा : नांदेड–लातूर परिसर
लोणारी कोळसा म्हणजे अपुऱ्या हवेत लाकूड तापविल्यावर मागे राहणारा काळा, सच्छिद्र व कार्बनयुक्त घन अवशेष. चुना भाजणे व कोळसा पाडणे हा लोणारी समाजाचा परंपरागत व्यवसाय होय. त्यावरून यास हे नाव पडले.

लाकडातील पाणी प्रथम निघून जाते. सु. २८०° से. तापमानास विघटन उष्णता बाहेर टाकत पुढे चालू राहते आणि ४००° ते ५००° से.ला कोळसा तयार होतो. पारंपरिक भट्टीत लाकडे रचून त्यांवर पाला व ओली माती थापतात. दाट पांढरा धूर म्हणजे वाफ; धूर विरळ व निळसर झाला की, कोळसा पडला असे समजून सर्व छिद्रे बुजवितात. झाकण वेळेपूर्वी फुटल्यास सर्व मालाची राख होते. सु. पाच-सहा किग्रॅ. लाकडापासून जेमतेम एक किग्रॅ. कोळसा मिळतो, ॲसिटिक अम्ल, मिथेनॉल व डांबर धुरावाटे वाया जातात.

हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. नांदेडच्या आग्नेयेस असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम् येथील पोलादासाठी इराणी व्यापारी येत. धातुकातील ऑक्सिजन काढून घेणारे आणि लोहात मिसळून त्याचे पोलाद बनविणारे कार्बन हे मूलद्रव्य त्या काळी लाकडातूनच मिळे. गावोगावच्या लोहार-सोनारांची गरजही हाच कोळसा भागवी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडल्यावर भारतात अनेक मोटारगाड्या कोळशाच्या वायूवर धावल्या.

दोन्ही जिल्ह्यांची वनसंपत्ती अगदी विषम आहे. आदिलाबादमधून १९५६ मध्ये नांदेड जिल्ह्यात आलेल्या किनवट तालुक्यात व माहूर परिसरात सागाची वने आहेत. उस्मानाबादपासून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या लातूर जिल्ह्यात मात्र वनाचे प्रमाण नगण्य आहे. तेथे भट्टीसाठी बांधावरची बाभूळ तोडणे म्हणजे गावाची सावली, शेळ्यांचा पाला आणि औतांचे लाकूड एकदमच गमावणे होय. पडीक जमिनीवर माजणारी वेडी बाभूळ हा त्यामानाने निर्धोक कच्चा माल ठरतो. कारण तोडल्यावर ती पुन्हा फुटते. या धंद्याची दुसरी किंमत मजुरांनी मोजली. रायगडकडील कातकरी कुटुंबे उचल घेऊन दूरदूरच्या भट्ट्यांवर राबत. ही उचल फिटता फिटत नसे. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये संमत झाला, तरी उचलीची प्रथा संपली नाही.

पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत विकसित केली. तीस २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार लाभला. तीत पाचट बंद पिंपांत तापवितात व त्यातून निघणारे ज्वलनशील वायू त्याच भट्टीत जाळतात. भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडतात. लातूरचे पाचट व तुराट्या आणि नांदेडच्या पऱ्हाट्या यांना ही वाट मोकळी आहे. मात्र तुराट्या-पऱ्हाट्या आजही अनेक घरांचे सरपण आहेत. त्यामुळे ‘टाकाऊ’ कशास म्हणावयाचे, हे त्या घरांना विचारल्याविना ठरविता येत नाही.