दुहेरी फीड, अंगभूत
शिवणयंत्रात कापडाचे वरचे व खालचे थर एकाच वेगाने पुढे सरकवणारी, यंत्रातच बसवलेली रचना. साध्या यंत्रात पाट्याखालचे दाते फक्त खालचे कापड ओढतात (ही चार-गतींची सरक अ‍ॅलन विल्सन यांनी १८५४ मध्ये पेटंट केली). वरचे कापड दाबपायाशी घासून मागे रेंगाळते. त्यामुळे शिवण संपताना वरचा थर लांब उरतो, चौकटी जुळत नाहीत आणि अस्तराला चुण्या पडतात. कापूस भरलेल्या गोधडीत हा दोष सर्वाधिक दिसतो.

सुटा 'वॉकिंग फूट' सुईच्या स्क्रूवर टेकलेल्या दांडीने चालतो; तो अवजड असतो व खडखडतो. अंगभूत रचनेत दाबपायामागून एक बारीक दातेरी बाहू खाली येतो आणि खालच्या दात्यांच्या तालावर वरचे कापड ओढतो. फाफ कंपनीने घरगुती यंत्रात ती १९६८ मध्ये आणली. पुढे जानोमे व बर्निना यांनीही आपापल्या रचना काढल्या. मोकळ्या हाताने नक्षी काढताना मात्र ती सोडवून ठेवावी लागते.

मराठी घरांतली गोधडी मुळात हाताच्या धावदोऱ्याची. तिला या यंत्रणेची गरजच नसते. पायडलच्या जुन्या काळ्या यंत्रावर जाड थर शिवायचे तर आधी कच्चे टाके घालावेत आणि जास्त लांबीचा थर खाली ठेवावा.