जोडप्याचे स्थलांतर : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

एकटा माणूस गाव सोडतो आणि जोडपे गाव सोडते, या दोन वेगळ्या घटना आहेत. एकट्याच्या बाबतीत जाणे, कमावणे, घरी पैसे पाठवणे आणि परतणे एवढ्या टप्प्यांत हिशेब मांडता येतो. जोडपे निघाले की प्रश्न वाढतात. कोणाच्या कामासाठी निघायचे, कोणाचे काम मागे पडणार, मुलांची शाळा कोणत्या भाषेत, थकलेल्या आईवडिलांकडे कोण पाहणार, आणि परतायचे झालेच तर ते कोणी ठरवायचे? स्थलांतराच्या अभ्यासात हे सारे बराच काळ घरगुती तपशील म्हणून बाजूला राहिले. ते मध्यभागी आणायचे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना आहे. उसाच्या एका फडातून दुसऱ्या फडात जाणाऱ्या जोडप्यापासून युरोपातल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवणाऱ्या जोडप्यापर्यंत या क्षेत्राचा विस्तार आहे. त्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाचे मनापासून स्वागत.

या अभ्यासाला वारणानगरइतकी सोयीची जागा शोधून मिळणार नाही. पन्हाळा तालुक्यात, कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या वारणेच्या काठी, तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सहकाराची ही वसाहत उभी राहिली. साखर कारखाना आला, दूध संघ आला, बाजार आला आणि त्यांच्यामागून शिक्षणसंस्था आल्या. १९६४ मध्ये महाविद्यालय आणि १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९९८ मध्ये आसपासची सुमारे सत्तर गावे संगणकाच्या जाळ्याने जोडण्याचा प्रकल्प येथे हाती घेतला गेला. उसाच्या पैशावर शिकलेली पिढी आधी पुण्याला गेली आणि तिच्यातली काही जोडपी पुढे युरोपात पोहोचली. त्याच काळात त्यांच्या घरचा ऊस तोडायला दुसऱ्या जिल्ह्यांतली जोडपी येथे येत राहिली. जाणारी आणि येणारी, दोन्ही जोडपी एकाच परिसरात अभ्यासता येतात. या दोन प्रवाहांत संपत्ती, शिक्षण आणि सुरक्षितता यांचे प्रचंड अंतर आहे. ते पुसून टाकण्यासाठी आपण त्यांना शेजारी ठेवत नाही. दोन्हीकडे नोंद कशी ठेवली जाते आणि त्या नोंदीत बाई कुठे असते, हे पाहण्यासाठी ठेवतो.

आधी येणाऱ्यांकडे पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात आणि पाच-सहा महिने फडाजवळ कोप्या घालून राहतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याच्या हिशेबाने, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. साधारणपणे तो ऊस तोडतो, ती पाला काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीपर्यंत नेते. मजुरी टनावर. दोघांपैकी एक आजारी पडला तर जोडीचे काम थांबते आणि खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, दोघांच्या नावे लागतो. जोडपे हेच श्रमाचे एकक मानणारी याहून स्पष्ट व्यवस्था क्वचितच सापडेल. पण याच हिशेबात बाईची मजुरी वेगळी दिसत नाही. उचल नवऱ्याच्या हातात पडते, फेडायची मात्र दोघांनी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारची चौकशी समिती नेमली गेली. जोडीच्या हिशेबात खाड्याची किंमत कोणाच्या शरीराने चुकवली, हा प्रश्न तेव्हा महाराष्ट्रापुढे उघडपणे आला.

आता जाणाऱ्यांकडे वळू. पुण्यातल्या नोकरीनंतर एखादे जोडपे जर्मनीतल्या श्टुटगार्टला जाते. दोघेही अभियंते आहेत असे धरू. एकाला नोकरीवर परवाना मिळतो, दुसऱ्याला जोडीदार म्हणून. युरोपीय संघाने २००९ मध्ये उच्चशिक्षित परदेशी कामगारांसाठी ब्लू कार्डाची व्यवस्था आणली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. डेन्मार्क आणि आयर्लंड तिच्याबाहेर आहेत. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला काम करण्याची मुभा असते आणि येण्यापूर्वी जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षा देण्याची सक्ती नसते. कायद्याने दार उघडे आहे. पण त्या दारातून नोकरीपर्यंत पोहोचायला स्थानिक भाषा लागते, पदवीला मान्यता लागते, ओळखीपाळखी लागतात आणि मूल लहान असेल तर पाळणाघरात जागा लागते. या सगळ्याला दोन-तीन वर्षे सहज जातात.

आणि नेमके तेव्हा दुसरे स्थलांतर समोर उभे राहते. एकाला नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला चांगली संधी येते. सुधारित नियमांनुसार ब्लू कार्डधारकाला पहिल्या देशात बारा महिने काढल्यावर संघातल्या दुसऱ्या सहभागी देशात तुलनेने सोप्या वाटेने जाता येते आणि कुटुंबालाही बरोबर नेता येते. कागदावर हे थोडक्यात आटोपते. घरात मात्र जर्मन शिकलेल्या जोडीदाराला आता डच शिकायची असते, जुळत आलेली नोकरी सोडायची असते, मुलाला नुकतेच झालेले मित्र सोडायचे असतात. नगरपालिकेत नवी नोंदणी, नवा आरोग्य विमा, नवा डॉक्टर, नवे भाड्याचे घर. पहिल्या स्थलांतरात दोघे एकाच वेळी परके असतात, म्हणून दोघे एकमेकांना धरून असतात. दुसऱ्यात एकाला कचेरी तयार मिळते आणि दुसऱ्याला पुन्हा रिकाम्या दिवसापासून सुरुवात करावी लागते. माझ्या मते या क्षेत्राचा सर्वांत कमी अभ्यासलेला आणि सर्वांत बोलका भाग हाच आहे. जोडप्यातला तोल पहिल्या प्रवासापेक्षा दुसऱ्या प्रवासात अधिक स्पष्ट दिसतो.

कायदाही या तोलात वजन टाकतो. जोडीदाराचा परवाना मूळ परवानाधारकावर अवलंबून असतो. कुटुंब एकत्र आणण्याविषयीच्या २००३ च्या युरोपीय निर्देशानुसार जोडीदाराला स्वतंत्र परवान्याचा हक्क उशिरात उशिरा पाच वर्षांनी मिळतो. जर्मनीत विवाहित म्हणून तीन वर्षे एकत्र राहिल्यावर तो मिळू शकतो आणि छळासारख्या कठीण प्रसंगी त्याआधीही. तेथील सरकारी आरोग्य विम्यात कमाई नसलेला जोडीदार कमावत्याच्या नावावर सामावला जातो. निवृत्तिवेतनाचे गणित आणखी लांबचे आहे. संघातल्या वेगवेगळ्या देशांत भरलेला काळ एकत्र धरण्याची सोय आहे. भारताचे नेदरलँड्सशी २०११ पासून आणि जर्मनीशी २०१७ पासून सामाजिक सुरक्षेचे व्यापक करार लागू आहेत. पण काळ जोडायचा तर आधी तो कुठेतरी नोंदला गेलेला असावा लागतो. मूल वाढवण्याची काही वर्षे जर्मनीत निवृत्तिवेतनासाठी धरली जातात. नोकरी शोधण्यात, भाषा शिकण्यात आणि दुसऱ्याच्या बदलीमागे फिरण्यात गेलेली वर्षे बहुधा कोणत्याच खात्यावर दिसत नाहीत. धोरण बदलले की जोडपे तुटूही शकते. ब्रिटनने ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या परदेशी काळजीवाहू कामगारांना कुटुंब बरोबर आणण्यास मनाई केली. तेथे कामाला माणूस हवा होता, त्याचे घर नको होते.

मराठी समाजाला जोडप्याचे स्थलांतर नवे नाही, तशी जोडप्याची ताटातूटही नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांनी कोकणातून आणि घाटावरून पुरुष आणले. बायका बहुतेक गावी राहिल्या, शेत आणि म्हातारी माणसे सांभाळत मनीऑर्डरची वाट पाहत. शहरात त्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळी चालवल्या त्याही बायकांनीच. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्याच्या शंभर वर्षे आधीची हकीकत थेट कोल्हापूरशी जोडलेली आहे. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींनी बदल्यांमागे पत्नी आनंदीबाईंना कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असे फिरवले. कोल्हापुरात असताना, १८७८ मध्ये, गोपाळरावांनी अमेरिकी मिशनऱ्यांना लिहिलेले पत्र तिकडे छापले गेले आणि न्यू जर्सीतल्या एका बाईंच्या वाचनात आले. त्या ओळखीतून १८८३ मध्ये आनंदीबाई एकट्या अमेरिकेला गेल्या. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. या जोडप्यात कोण कोणामागे गेले, याचे उत्तर प्रत्येक टप्प्यावर बदलते, आणि त्यामुळेच आपल्या क्षेत्रासाठी ही हकीकत मोलाची आहे. पुढे इरावती कर्वे १९२८ मध्ये संशोधनासाठी बर्लिनला गेल्या तेव्हा त्या विवाहित होत्या. परतल्यावर त्यांनीच भारतीय नातेसंबंधांच्या अभ्यासाचा पाया घातला. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा त्या विषयावरचा ग्रंथ आजही जवळ ठेवावा असा आहे, कारण सासर-माहेराच्या रचनेत बाईचे स्थलांतर आधीच कोरलेले असते.

ते किती खोलवर कोरलेले आहे, हे सरकारी आकड्यांतूनही दिसते. जुलै २०२० ते जून २०२१ या काळातल्या भारताच्या कामगार पाहणीत स्थलांतरित महिलांपैकी ८६.८ टक्के जणींच्या नावापुढे कारण म्हणून लग्न नोंदले गेले. एवढा मोठा समूह एका शब्दाखाली ठेवला की त्यातली ऊस तोडणारी, परिचारिका, प्राध्यापिका आणि अभियंता दिसेनाशा होतात. एकच कारण विचारणारा रकाना जोडप्याच्या निर्णयाला पुरा पडत नाही.

सिद्धान्ताच्या बाजूने येणाऱ्यांना काही पायऱ्या तयार मिळतील. भूगोलतज्ज्ञ रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्येच नोंदवले होते की थोड्या अंतराच्या स्थलांतरात स्त्रिया पुरुषांहून अधिक हलतात. अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्ये मांडले की कुटुंबाचा एकूण फायदा पाहून निर्णय झाला, तरी एका जोडीदाराला स्वतःचा तोटा पत्करून जावे किंवा थांबावे लागते. एकूण फायद्याची वाटणी कशी होते, हा पुढचा प्रश्न अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये हाताळला. घरात सहकार आणि संघर्ष एकाच वेळी चालतात, आणि ज्याला घराबाहेर कमी आधार असतो त्याच्या वाट्याला कमी येते, असे त्यांचे म्हणणे. सहकारावर वाढलेल्या वारणेच्या वाचकाला हे पटकन कळेल: सभासद सारे समान असले, तरी सर्वसाधारण सभेत बोलण्याचे बळ सर्वांकडे सारखे नसते. समाजशास्त्रज्ञ एड्रियन फॅव्हेल यांचे २००८ चे पुस्तक ॲम्स्टरडॅम, लंडन आणि ब्रसेल्स या शहरांत मुक्तपणे हलणाऱ्या युरोपीय नागरिकांविषयी आहे. त्यांना परवान्याची अडचण नसूनही शहरात रुजणे कठीण गेले, हे वाचल्यावर आपल्या जोडप्यांचे किती कागदामुळे अडते आणि किती शहरामुळे, हे वेगळे करता येते. आणि यान ब्रेमन या डच अभ्यासकाने दक्षिण गुजरातमधल्या साखर कारखान्यांसाठी येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांवर केलेले काम वाचल्याशिवाय कोयत्याच्या अर्थव्यवस्थेत पाऊल ठेवू नये.

या सगळ्यांतून मला जे सूत्र हाती लागले ते असे: जोडप्याला अभ्यासाचे एकक माना, पण त्याला एकच व्यक्ती मानू नका. कोयत्याचा हिशेब जोडी मोजतो आणि तिच्यात बाईला विरघळवतो. परवान्याचा कागद कमावणारा मोजतो आणि जोडीदाराला त्याच्या खाली लिहितो. दोन्ही नोंदी अपुऱ्या आहेत. अभ्यासकाला तिसरी नोंद तयार करायची आहे, जिच्यात दोघे एकत्रही दिसतील आणि वेगवेगळेही.

त्यासाठी पद्धतीचे काही नियम पाळावेत. दोघांशी वेगवेगळे बोला आणि मग एकत्र बोला. जी बाजू एकत्र बोलताना गप्प होते, तिच्याकडे परत जा. प्रत्येक हलण्याच्या वेळी कोणी काय सोडले याची यादी करा, आणि त्या यादीत पगाराबरोबर भाषा, मैत्रिणी, रियाज, व्रतवैकल्ये आणि झोपही येऊ द्या. मुलांना विचारा. गावी राहिलेल्या सासूसासऱ्यांना आणि तितक्याच आवर्जून माहेरच्यांना विचारा, कारण परदेशातल्या बाळंतपणासाठी गेलेल्या आजीचा मुक्कामही या स्थलांतराचा भाग आहे. भाडेकरार, विम्याची पत्रे, शाळेचे दाखले, मुकादमाची वही ही आपली कागदपत्रे आहेत. ती परवानगीनेच पाहा आणि नावे झाका. ज्याचा परवाना दुसऱ्याच्या मर्जीवर टिकून आहे किंवा ज्याची उचल अजून फिटलेली नाही, त्याने मोकळेपणाने सांगितलेली गोष्ट त्याच्यावर उलटू शकते.

करण्यासारखे खूप आहे. बाईच्या नोकरीमागे नवरा गेला अशी मराठी घरे युरोपात आहेत. त्यांचा वेगळा अभ्यास व्हायला हवा. परत आलेल्या जोडप्यांना गावाने कसे सामावले, वारसाहक्काने आलेली शेती परदेशातून कशी राखली जाते, ऊसतोड जोडप्यांची शिकलेली मुले लग्नानंतर कुठे जातात, हे विषय विद्यार्थ्यांची वाट पाहत आहेत. यातला एकही विषय सुरू करायला मोठे अनुदान लागत नाही. आपल्याच गल्लीतल्या एका घरापासून आणि गावाबाहेरच्या एका कोपीपासून सुरुवात करता येते. दोन्हीकडे जा, दोघांचेही ऐका आणि दोघांचीही नावे आपल्या वहीत स्वतंत्र ओळींवर लिहा.

— वारणानगर, जिल्हा कोल्हापूर