गिरकी न घेणारे विमान

‘स्टॉल’ म्हटले की आपल्याला सिग्नलवर बंद पडलेली मोटार आठवते. विमानाच्या स्टॉलचा मात्र इंजिनाशी संबंध नाही. पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला, की हवा पंखाचा वरचा पृष्ठभाग सोडते आणि पंखाची उचल एकदम घटते. एक पंख दुसऱ्याआधी ढासळला तर विमान गिरक्या घेत खाली येते. १८९६ साली ऑटो लिलिएन्थालचा ग्लायडर स्टॉल होऊनच कोसळला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

१९१२ साली ब्रिटिश नौदलातील लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांनी गिरकीच्या उलट दिशेला रडर दाबून जमिनीलगत विमान सावरले. यातून वैमानिकाला सुटका शिकवण्याची परंपरा सुरू झाली.

फ्रेड वाइक या अमेरिकन इंजिनियरने वेगळाच प्रश्न विचारला: विमानाने गिरकी घ्यावीच का? त्याच्या ‘एरकूप’मध्ये नाक वर उचलणाऱ्या झडपेची हालचालच मर्यादित होती आणि रडर सुकाणूच्या चाकाला जोडलेला होता. १९४० साली सरकारने त्याला ‘स्वभावतः गिरकी न घेणारे’ विमान म्हणून प्रमाणपत्र दिले. १९४६ मध्ये चार हजारांवर एरकूप बनले. पण निसर्गनियम कोणाला चुकतो? वेग फार कमी केला तर एरकूप गिरकी घेत नसे, तरी झपाट्याने खाली येई.

१९४९ साली अमेरिकेत खासगी परवान्यासाठी गिरकीचा सराव सक्तीचा राहिला नाही. भर स्टॉल ओळखून टाळण्यावर आला. कारण उघड आहे: धावपट्टीकडे वळताना विमान गिरकले, तर सुटकेची रीत कितीही पाठ असली तरी तेवढी उंचीच हाताशी नसते.

विमानांची कसोटी मात्र चालूच राहिली: सामान्य वर्गातील एक-इंजिनी विमानाने एका गिरकीनंतर पुढच्या एका फेऱ्यात सावरले पाहिजे. १९९८ साली ‘सिरस एसआर२०’ने पंखांची खास रचना आणि अख्ख्या विमानाला पेलणारे पॅराशूट यांच्या बळावर ही कसोटी न देता प्रमाणपत्र मिळवले. २०१७ पासून लागू झालेल्या नियमांत भाषाच बदलली: कसरतींसाठी नसलेल्या एक-इंजिनी विमानाची नकळत ताबा सुटण्याकडे प्रवृत्तीच नसावी.

आम्हां संगणकवाल्यांनी हे लक्षात ठेवावे. ‘वापरणाऱ्याची चूक’ म्हणून अहवाल मिटवणे सोपे असते. तीच चूक अनेक शहाणी माणसे करत असतील, तर दोष रचनेत शोधावा. वाइकने तेच केले.